यतिनकाकाच्या रायफलीची खंडेनवमी

आमच्या यतिनकाकाला तीन आवाज आहेत. घरातला चिंचवडचा: "अगं सुखदा, माझा चष्मा कुठंय, आणि डोक्यावर बघ असं म्हणू नकोस, तिथं बघितलंय." दुसरा बसमधला. वेरिबी स्टेशनवरून निघून ट्रुगानिनाच्या नव्या वस्त्यांमधून फिरणारी बस तो चालवतो, आणि तिथे त्याचा आवाज नाकातून येतो, फार सभ्य असतो: "मूव्ह डाउन द बस प्लीज फोक्स, प्लेन्टी ऑफ रूम डाउन द बॅऽक." तिसरा शनिवारचा, रायफल क्लबवरचा. तो ऐकायला मी हटकून जाते. घरी सांगायला कारण आहे, माझी एल-प्लेट. ड्रायव्हिंगचे तास भरायचे आहेत, आणि बाबा शेजारी बसले की हँडब्रेकवर हात ठेवूनच बसतात. काका बाबांचा धाकटा भाऊ असला तरी तसा बसत नाही.

शनिवारचा आवाज असा: "येऽ नाऽ, शीज शूटिंग ऑलराइट, मेट. कान्ट कम्प्लेऽन." या वाक्यातला एकही स्वर चिंचवडला जन्मलेला नाही.

काका इथे परदेशात आला तो कुकरीचा कोर्स करायला. भांडी घासली, कांदे कापले, पीआर, म्हणजे इथे राहण्याची पक्की परवानगी, मिळाली, मग कढई कायमची खाली ठेवून बसचं स्टिअरिंग धरलं. बंदुकीशी त्याचं नातं त्याच्याही आधीचं, कॉलेजातल्या एनसीसीचं. कॅम्पमध्ये मोजक्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्या सगळ्या टारगेटवर लागल्या, असं तो प्रत्येक दिवाळीला सांगतो. "त्यातली एक शेजारच्या पोराच्या टारगेटवर," असं बाबा प्रत्येक दिवाळीला पुढे जोडतात.

मग कधीतरी लायसन्स काढलं, भिंतीत बोल्ट मारून गॅरेजात तिजोरी बसवली आणि क्लबमधल्या एका निवृत्त मेंबरकडून जुनी पॉइंट टू-टू रायफल घेतली. लाकडी दस्ता, वरचं पॉलिश उडालेलं. एका वेळी एकच गोळी भरायची, बोल्ट म्हणजे गोळी आत सारणारा दांडा पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, नेम धरायचा, पुन्हा तेच. पन्नास मीटरवर कागद. काकाचा नेम बरा होता. बरा म्हणजे कुणी वळून बघावं इतका चांगला नाही आणि कुणी हसावं इतका वाईटही नाही.

हीच पंचाईत होती. क्लबवर दुपारी चहा होतो. मोठ्या भांड्यात पाणी उकळत असतं, बिस्किटांचा डबा असतो, आणि कप हातात घेऊन लोक एकमेकांच्या बेंचशी जातात. विचारतात, "वॉट'व्ह यू डन टू हर?" म्हणजे हिला नवीन काय केलंस? मग अर्धा तास सहज जातो. सगळे वाकून वाकून बघतात, मान डोलावतात, एकजण म्हणतो मी असतो तर असं केलं नसतं, दुसरा म्हणतो म्हणूनच तू जिंकत नाहीस. काकाच्या रायफलीला काहीच केलेलं नव्हतं. त्यामुळे तो कप घेऊन नोटीस बोर्डापाशी उभा राहायचा. बोर्डावरची सापांपासून सावध राहण्याची सूचना त्याला पाठ झाली होती.

मग त्याने एक नॉब मागवला. बोल्टच्या टोकाला लावायचा, अ‍ॅल्युमिनियमचा, निळा. बोरापेक्षा जरासा मोठा. पुढच्या शनिवारी चहाच्या वेळी रॉस त्याच्या बेंचशी येऊन थांबला आणि म्हणाला, "दॅट्स न्यू." काकाने त्या दोन शब्दांना दहा मिनिटं उत्तर दिलं.

रॉसबद्दल सांगायला हवं. सत्तरीचा असेल, वेरिबी साउथला कोबीच्या शेतांच्या कडेला राहतो, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. ओठ न उघडता बोलतो, माश्या आत जाऊ नयेत म्हणून असावं. तो क्लबचा रेंज ऑफिसर. म्हणजे तो म्हणेल तेव्हा गोळ्या सुरू, तो म्हणेल तेव्हा बंद. कुणी रायफलीत काही बदललं की आधी रॉसने तपासायचं, मगच ती लाइनवर. नारिंगी व्हेस्ट घालतो, आणि ते त्याच्या अंगावर पोलिसाच्या वर्दीसारखं दिसतं.

निळ्या नॉबने काकाला कळलं ते असं, की एक पार्ट म्हणजे एक शनिवार. मग लाकडी दस्ता गेला आणि काळा, स्क्रूंनी मागेपुढे होणारा आला. गाल टेकायची पट्टी आली. नवी दुर्बीण आली. दोन पायांचं स्टँड आलं. नळीच्या तोंडाला लावायचं एक भोकंभोकं असलेलं टोपण आलं, त्यावर रॉस म्हणाला की टू-टूला हे लावणं म्हणजे सायकलला एअरबॅग लावणं. काका ते वाक्य घरी येऊन अभिमानाने सांगत होता. अख्खा क्लब हसला होता, त्याच्या बेंचशी उभा राहून.

काकू म्हणाली, "जुनं लाकूड कपाटात, जुनी दुर्बीण कपाटात, जुना नॉब कपाटात. सगळं जोडून माझ्यासाठी एक रायफल कर. निदान ती तरी ओळखीची असेल."

"तुला नाही कळायचं, सुखदा. ती आता बॅलन्स्ड आहे."

"ती आहे रे. तू कधी होणार?"

स्कोअर जिथे होता तिथेच होता. त्याबद्दल कुणी बोलत नसे, काका तर मुळीच नाही.

शेवटचा पार्ट ट्रिगर. बाबा त्याला चाप म्हणतात. जुना कडक होता, नवा इतका हलका की नुसत्या इच्छेने सुटावा. तो बसवायला रॉसनेच काकाला आपल्या शेडमध्ये बोलावलं. तासभर दोघं त्या शेडमध्ये होते, मी दारात उलट्या बादलीवर बसून. रॉसने ट्रिगर बसवला, बोल्ट जोरात आपटून पाहिला, दस्त्याखाली रबरी हातोड्याने ठोकून पाहिलं, स्क्रू अर्धा वळसा मागे घेतला, पुन्हा ठोकलं. "आय लाइक 'एम अ बिट हेविअर दॅन द बुक सेज," एवढंच म्हणाला, म्हणजे पुस्तकात सांगतात त्यापेक्षा जरा कडकच बरा. परत येताना गाडीत काका शनिवारच्या आवाजात बोलत राहिला. शनिवार नव्हता तरी.

*

त्यानंतर खंडेनवमी आली. दसऱ्याचा आदला दिवस, शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा. चिंचवडला आजोबांच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनला हार घालायचे, तेव्हा काकाला इथेही ते लागतंच. गॅरेजात टेबलावर धुतलेली चादर, त्यावर ड्रिल, पान्हे, काकू नर्स आहे म्हणून तिचा स्टेथोस्कोप, बाबांचा लॅपटॉप, माझा कॅल्क्युलेटर. यावर्षी मधोमध रायफल.

नियमांच्या बाबतीत काका चोख. गोळ्या आत कुलुपात. बोल्ट काढून स्वतःच्या खिशात. कुणी हात लावायचा नाही, फक्त नमस्कार. बोल्ट काढला की रायफलीच्या पाठीवर एक लांबट खाच उघडी पडते आणि तिच्यातून खाली ट्रिगरचं पोट दिसतं. ते सगळ्यांना दाखवून काका म्हणाला, "बघा, रिकामी आहे. आता ही नुसती काठी."

हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. काकूने अक्षतांची वाटी पुढे केली, तांदूळ तुपाचा थेंब घालून कुंकवात चोळलेले, लालभडक. काका डोळे मिटून उभा. ती काळी-निळी नटलेली रायफल बघून बाबांना राहवलं नाही.

"काय रे, लग्न लावतोयस का हिचं? मग तसं लाव की." आणि बाबांनी थेट मंगलाष्टकं सुरू केली. नाक चोंदलेल्या भटजींच्या सुरात, शेवटचं अक्षर श्वास संपेपर्यंत ओढत. "शुऽभमंगऽल साऽवधाऽन."

मग काय, सगळ्यांनी मुठी भरल्या. प्रत्येक सावधानला अक्षता. काकू हसून हसून खुर्चीत बसली. सगळ्यात जास्त हसत होता काका, आणि सगळ्यात मोठी मूठ त्याची. शेवटी त्याने रायफल उलटी करून झटकली, आतून थोडे तांदूळ पडले, त्याने फुंकर मारली, फडक्याने पुसली आणि तिजोरीत ठेवली. रात्री जेवायला श्रीखंड होतं.

*

पुढच्या शनिवारी ऊन चांगलं होतं, लाइन भरलेली होती. मी मागे प्रेक्षकांच्या बाकावर, काकाच्या अगदी पाठीशी. रॉसने सुरू करा म्हटलं. काकाने गोळी ठेवली, बोल्ट पुढे ढकलला, खाली दाबला.

गोळी सुटली.

त्याचं बोट ट्रिगरजवळही नव्हतं, तळहात अजून निळ्या नॉबवर होता. टारगेटच्या बऱ्याच अलीकडे माती उडाली. कुणाला काही झालं नाही, नळी समोर होती. पण असा आवाज रेंजवर सगळ्यांना ओळखू येतो, जो कुणी काढलेला नसतो.

"सीऽज फायर." रॉसचे ओठ उघडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

सगळे पिवळ्या रेषेच्या मागे. क्लबची प्रेसिडेंट डेब आली. तिचं बोलणं शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू येतो. "यतिन. वॉज युअर फिंगर ऑन द ट्रिगर."

"नो, डेब. नो वे. आय डिडन्ट टच इट."

हे खरं होतं. रॉसने रायफल उचलली, रिकामी करून बोल्ट पुन्हा पुन्हा लावून पाहिला. आता तो नीट बसत होता. त्याने आपटून पाहिलं, तरीही चाप सुटत नव्हता. तो रायफलीकडे बघत राहिला, कुणी ओळखीच्या माणसाने खोटं सांगितल्यासारखा.

"हू डिड द ट्रिगर," डेबने विचारलं.

"मी," रॉस म्हणाला. मराठीत नाही, इंग्रजीतलं 'मी', पण तेवढंच लहान. "माय वर्क. मस्ट'व्ह सेट इट टू फाइन."

तेवढ्यात मला बेंचवर ते दिसलं. हिरव्या रबराच्या मॅटवर, रायफल होती तिथे, अर्धा दाणा. लाल. मला दिसायच्या आधी काकाला दिसला असणार, कारण त्याने बेंचला टेकल्यासारखा हात त्याच्यावर ठेवला, आणि हात उचलला तेव्हा तिथे काही नव्हतं. हात खिशात गेला.

"यतिन, एनीथिंग यू वॉन्ट टू अ‍ॅड," डेब म्हणाली.

काका म्हणाला, "नाऽ." शनिवारच्या आवाजात, शेवट ओढून, अगदी बरोबर.

ज्याने बसवलेला ट्रिगर असा सुटतो त्याने इतरांच्या रायफली पास करू नयेत, कमिटी बघेपर्यंत तरी, असं डेब म्हणाली. रॉसने हो म्हटलं. व्हेस्ट काढलं, घडी घातली, मग घडी मोडून हुकला अडकवलं. त्या दिवशी चहाला कुणीच कुणाच्या बेंचशी गेलं नाही.

परतीच्या वाटेवर राउंडअबाउटला काका एरवी "गिव्ह वे, गिव्ह वे" म्हणत असतो. त्या दिवशी तो खिशावर हात ठेवून बसला होता.

"काका, तो तांदूळ होता ना?"

"पुढे बघ."

"पुढेच बघतेय."

"होता," तो म्हणाला. खूप पुढे गेल्यावर.

*

काकूला त्याने त्याच दिवशी सांगितलं. ती रागावेल म्हणून त्याने तयारी केली होती, पण ती नुसती म्हणाली, "मग फोन कर त्यांना."

"काय सांगू? रायफलीचं लग्न लावलं?"

"गणपतीला निम्मा डेपो घरी बोलावतोस. मोदक कसा खायचा ते शिकवतोस. तेव्हा नाही लाज वाटली ती?"

"मोदक खाण्याची वस्तू आहे गं. ही रायफल आहे. ते लोक सेफ्टीबद्दल किती... मी त्यांच्यातला एक आहे असं समजतात. आता म्हणतील, याने बंदुकीत भात घातला."

"लाज कशाची वाटतेय ते आधी ठरव. अक्षता टाकल्याची की गप्प बसल्याची."

काका म्हणाला, "अक्षतांची वाटत होती. आता दुसरीचीच जास्त वाटतेय." आणि उठून गॅरेजात गेला.

आठवड्याच्या मध्यावर रॉसचा मेसेज आला. तो काकूने मोठ्याने वाचला, कारण काका वाचून फोन उलटा ठेवत होता. रॉसने लिहिलं होतं: रायफल घेऊन ये, मी ट्रिगर पूर्ण उघडून बघतो. झोप लागत नाहीये. सॉरी, मेट.

"ते सॉरी म्हणतायत तुला," काकू म्हणाली. "तू काय उत्तर दिलंस?"

"अंगठा पाठवला."

"अंगठा."

"काय लिहिणार होतो?"

काकूने फोन त्याच्या हातात दिला आणि ती बागेत गेली. कपडे वाळत घालायला, जे आधीच वाळलेले होते.

तेव्हापासून काकाने तयारी सुरू केली. मी गाडी चालवते, तो शेजारी बसून वाक्यं म्हणून बघतो. "सो, मेट, फनी स्टोरी." नको, फनी नको. "वन्स अ यिअर वी, लाइक, ब्लेस द गिअर." नको, ब्लेस म्हटलं की चर्च वाटतं. "इट्स अ कल्चरल थिंग." हे म्हटल्यावर तो स्वतःच खिडकीबाहेर बघायला लागला. कारण कल्चर म्हटलं की समोरच्याला गप्प बसावं लागतं, आणि हे दोघांनाही माहीत असतं, असं काहीतरी तो पुटपुटला. प्रत्येक वाक्य शनिवारच्या आवाजात सुरू व्हायचं आणि 'राइस'पाशी येऊन बंद पडायचं.

शनिवारी रॉस क्लबवर होता, व्हेस्टशिवाय. लाइनच्या मागे झाडूने रिकाम्या पुंगळ्या गोळा करत होता. रेंजवर कुणा दुसऱ्याचा आवाज. काका गाडीतून उतरला आणि रायफल न काढताच सरळ त्याच्यापाशी गेला. खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली.

"दिस वॉज इन द ट्रिगर," तो म्हणाला. "रॉस, इट वॉज नॉट युअर वर्क. आय पुट इट. ऑल ऑफ अस, वी थ्रू राइस. फॉर पूजा. वी डू पूजा ऑफ टूल्स. बोल्ट वॉज आउट, सो इट वेंट इनसाइड. आय सॉ इट दॅट डे ओन्ली. आय हिड इट."

ते ऐकून मी जागीच थांबले. तो शनिवारचा आवाज नव्हता, बसचाही नव्हता. काका इंग्रजी बोलत होता, पण चिंचवडच्या आवाजात, 'दॅट डे ओन्ली'सकट. क्लबवर तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

रॉसने दाणा बोटावर घेतला. उन्हात धरला. तो हसेल असं मला वाटलं, काकालाही वाटलं असणार, कारण त्याचं तोंड थोडं त्या तयारीत होतं.

"राइस आय डोन्ट माइंड," रॉस म्हणाला. "तू मला आठवडाभर त्यात बसवून ठेवलंस." हे त्याने अर्थातच इंग्रजीत म्हटलं, पण मला ते मराठीतच ऐकू येतं, कारण घरी कुणी असं म्हटलं असतं तर असंच हळू म्हटलं असतं.

काका म्हणाला, "यस."

"टेल देम."

चहाच्या वेळी काका उठून उभा राहिला आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. 'राइस'ला मागून दोघं हसले. "आय हिड इट"ला ते थांबले. सांगून झाल्यावर बसायचं की उभं राहायचं हे त्याला कळेना, म्हणून तो कप धुवायला गेला. कप स्वच्छच होता.

डेबने त्याला नाताळ होईपर्यंत लाइनवर यायला बंदी घातली. गोळी सुटली म्हणून नाही, दाणा खिशात घातला म्हणून, असं तिने पूर्णविरामासकट सांगितलं. रॉसने हुकावरून व्हेस्ट घेतलं, घातलं आणि बाहेर गेला.

बंदीच्या काळातही काका दर शनिवारी जायचा. टारगेटचे कागद चिकटवायचा, पुंगळ्या झाडायचा. लोक त्याच्याशी बोलायचे, आधीपेक्षा जास्तच. कुणी विचारलं बासमती होता का, कुणी विचारलं माझ्या ड्रिललाही चालेल का. काका हसून उत्तरं द्यायचा आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. रॉस मात्र "मॉर्निंग" म्हणायचा, आणि तेवढंच.

दरम्यान क्लबवर एक नवी रीत पडली. लाइन सुरू व्हायच्या आधी रॉस छोटा टॉर्च घेऊन प्रत्येक बेंचशी जातो, बोल्ट काढायला लावतो, खाचेत उजेड टाकतो आणि ओठ न उघडता विचारतो, "एनी राइस?" समोरचा म्हणतो, "नो राइस." सगळे हसतात. नव्या मेंबरांना ही गोष्ट समजावून सांगितली जाते, आणि सांगणारा मान वळवून काकाकडे बघतो.

नाताळनंतरच्या पहिल्या शनिवारी काका पुन्हा लाइनवर गेला. रायफलीला आता जुनाच लाकडी दस्ता आणि जुनाच कडक ट्रिगर होता. रॉस टॉर्च घेऊन बेंच-बेंच पुढे येत होता. एनी राइस, नो राइस. एनी राइस, नो राइस. काकाने बोल्ट काढून हातात तयार ठेवला होता, आणि उत्तरही तोंडात तयार असावं.

रॉस त्याच्या बेंचशी आला. काही विचारलं नाही. खाली वाकला, टॉर्च लावला आणि बघत राहिला, इतरांकडे बघितलं त्यापेक्षा बराच वेळ. काका मान खाली घालून उभा. मग रॉसने टॉर्च विझवला आणि होकारार्थी मान हलवली.

"थँक यू," काका म्हणाला.

रॉस पुढच्या बेंचवर गेला. तिथे डेब होती.

"एनी राइस, डेब?"